गेल्या वर्षीच्या पैशाचं काय झालं?

मागच्या अंकात अर्थसंकल्प वाचताना कुठल्या रकान्याकडे बघायचं ते थोडक्यात लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की न्याय आणि इमिग्रेशन या दोन गोष्टींवर सरकार जो खर्च करतं त्याबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर कळवा. वाटलं होतं दोन-चार जण विचारतील, पण आठवडाभर फोन वाजत होता, काहींनी तर तीन-तीन मिनिटांचे व्हॉइस मेसेज टाकलेत. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही म्हणून सहा प्रश्न घेतलेत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी एका सरकारी ऑफिसच्या लेखा शाखेत २८ वर्षं काढलीत, मार्च एंडला रात्री उशिराची लोकल पकडून घरी गेलेय, त्यामुळे कागदावरचा पैसा आणि हातात पडलेला पैसा यातलं अंतर मी जवळून बघितलंय.

ताई, मी माटुंग्याला राहतो, लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणतात लोकसभा प्रत्येक खात्याचा खर्च तपासून मंजूर करते. मी व्हिडिओ बघितला तर काही मिनिटांत सगळं आवाजी मतदानाने पास. मग तपासतं कोण?

सर चुकीचं सांगत नाहीत आणि तू बघितलंस तेही खरंच आहे. घटनेच्या कलम ११३ प्रमाणे प्रत्येक खात्याची अनुदानाची मागणी लोकसभेपुढे येते आणि लोकसभेने हो म्हटल्याशिवाय तो पैसा मिळत नाही. राज्यसभा चर्चा करू शकते, मत देऊ शकत नाही. पण एवढी सगळी खाती, आणि दिवस मोजके, म्हणून चार-पाच खात्यांवर चर्चा होते आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेला अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्रच मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. निदान चार-पाच तरी होतात असं म्हणावं तर १४ मार्च २०१८ ला गोंधळात सगळ्याच खात्यांच्या मागण्या चर्चेशिवाय अर्ध्या तासात पास झाल्या, आणि २३ मार्च २०२३ ला पुन्हा तेच, सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च आणि एका खात्यावरही चर्चा नाही. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही, कारण कुठला पक्ष सत्तेत आहे याच्याशी याचा संबंध नाही, २०१३ ला दुसरं सरकार होतं तेव्हाही असंच झालं होतं.

खरी तपासणी होते ती समित्यांमध्ये. १९९३ मध्ये खात्यांना जोडलेल्या १७ स्थायी समित्या झाल्या, २००४ पासून २४ आहेत. एकेका समितीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, आणि मंत्री कोणी नाही. तुझ्या विषयाच्या दोन, एक गृह खात्याची, ज्यात पोलीस, सीमा, इमिग्रेशन सगळं येतं, आणि दुसरी कार्मिक, सार्वजनिक तक्रारी, विधी आणि न्याय असं लांबलचक नाव असलेली. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला की काही दिवसांनी अधिवेशनाला सुट्टी लागते, लोकांना वाटतं खासदार घरी गेले, पण त्याच काळात या समित्या सचिवांना समोर बसवून विचारतात की गेल्या वर्षी एवढे घेतलेत, सुधारित अंदाजात एवढेच का केलेत, आणि जानेवारीपर्यंत खर्च किती झाला. तीन रकाने आहेत बघ, वर्षाच्या सुरुवातीचा तो अर्थसंकल्पी अंदाज, वर्ष चालू असताना बदललेला तो सुधारित अंदाज, आणि प्रत्यक्ष खर्च. मूळ आकडा टीव्हीवर दाखवतात. खात्याने काय केलं ते बाकीच्या दोन आकड्यांत दिसतं.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, आणि कपात सुचवायची तर नियमानेच मनाई आहे. पण सरकारला काय कारवाई केली याचं लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर पटलं नाही तर समिती तसं छापते. सचिवाला असं छापून आलेलं अजिबात आवडत नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

याशिवाय लोकलेखा समिती आहे, १९२१ पासूनची, २२ जणांची, १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा. ती कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, रिपोर्ट हातात घेऊन झालेल्या खर्चाचा हिशोब विचारते. आपल्या विधिमंडळाचीही अशीच लोकलेखा समिती असते. आमच्या ऑफिसला एकदा तिचा प्रश्न आला होता, १४ लोखंडी कपाटांचा. ३० मार्चला एका दिवसात १४ कपाटं घेतली, त्यातली ९ पुढची दोन वर्षं पुठ्ठ्यातच का होती? खरेदी झाली होती प्रश्न यायच्या सहा वर्षं आधी, ज्या साहेबांनी सही केली ते रिटायर झाले होते, मी आणि एक शिपाई लाल फडक्यातले गठ्ठे सोडून दोन दिवस ते बिल शोधत होतो, आणि सापडलं तेव्हा मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं होतं, "निधी व्यपगत होऊ नये म्हणून", म्हणजे न वापरल्यामुळे पैसा बाद होऊ नये म्हणून. हे असंच चालतं, वर्षभर पैसा येत नाही, फेब्रुवारीत येतो, मार्चमध्ये कशावर तरी संपवायचा. समितीने विचारलं ते उशिरा विचारलं हे खरंच, पण त्यानंतर आमच्याकडे ३० मार्चची खरेदी करताना साहेब दहा वेळा विचार करायला लागले.

जजचा पगार संसद कमी करू शकते का? — एक वाचक, गिरगाव

नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, भत्ते, पेन्शन हा भारित खर्च आहे, म्हणजे त्यावर चर्चा चालते पण मतदान होत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा पगार राज्याच्या तिजोरीतून जातो, तिथेही भारितच. सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून कोणी पगारावर हात टाकू नये यासाठी हे केलंय आणि ते योग्यच आहे.

माझी केस उपनगरातल्या एका कोर्टात चार वर्षं चालू आहे. बसायला बाक नाही, जिन्यात उभं राहावं लागतं. बायकांसाठी टॉयलेट आहे पण कुलूप असतं, किल्ली शिरस्तेदाराकडे. पेपरात वाचते की कोर्टांसाठी हजारो कोटी दिले. कुठे जातात? — एक आई, घाटकोपर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कुलपाचं वाचून मला माझे नोकरीचे पहिले दिवस आठवले, असो.

आधी हजारो कोटींचं सांगते. ते बहुतेक ई-कोर्ट्सचे, तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ४ वर्षांसाठी ७,२१० कोटी मंजूर झाले. दुसऱ्या टप्प्याला १,६७० कोटी होते, म्हणजे चौपटीच्या वर. तो पैसा जुने कागद स्कॅन करायला, ऑनलाइन सुनावणीला, ई-सेवा केंद्रांना. तुमची पुढची तारीख मोबाईलवर दिसते ती यातूनच, आणि हे काम चांगलं झालंय, नाकारायचं कारण नाही. पण त्यातून बाक येत नाही.

बाक, टॉयलेट, पाणी, नवीन इमारत यासाठी वेगळी योजना आहे, १९९३-९४ पासून चालू, केंद्र ६० टक्के देणार आणि महाराष्ट्रासारख्या राज्याने ४० टक्के घालायचे. इथे गाडी अडते. राज्याने आपला वाटा टाकला नाही, किंवा आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे तो ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, पाठवला नाही, की पुढचा हप्ता थांबतो. जमीन एका खात्याची, बांधणार सार्वजनिक बांधकाम, मागणी उच्च न्यायालयाची, पैसा विधी खात्याचा, आणि फाईल या चौघांच्या मधे फिरत राहते. २०१९-२० मध्ये या योजनेत राज्यांना ९८१.९८ कोटी मंजूर झाले होते आणि वापरले गेले ८४.९ कोटी, तेही पाच राज्यांनी मिळून. बाकी ९१ टक्के तसेच. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं दशांश चिन्ह चुकलंय.

आणि तुमच्या कुलपाबद्दल. २३ ऑक्टोबर २०२१ ला तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा औरंगाबादला खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आले होते, तेव्हा व्यासपीठावर कायदामंत्री बसलेले असताना त्यांनी सांगितलं होतं की देशातल्या २६ टक्के कोर्ट संकुलांत बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही आणि शुद्ध पिण्याचं पाणी फक्त ५४ टक्के ठिकाणी आहे. म्हणजे हे तुमच्या एकट्याचं दुखणं नाही. आपल्याकडे वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी ५ नोव्हेंबर २०२५ ला झाली, आणि ते व्हायलाच हवं, फोर्टातली इमारत १८७८ ची आहे, वकील आणि पक्षकार तिथे अक्षरशः एकमेकांना धक्के देत चालतात. पण सामान्य माणसाचं कोर्ट म्हणजे कुर्ला, अंधेरी, बोरिवली, तिथला जिना, आणि तिथल्या बाकासाठी कोणी पायाभरणी करत नाही.

तुम्ही एक करू शकता. माहिती अधिकारात एवढंच विचारा की तुमच्या कोर्ट इमारतीच्या देखभालीसाठी मागच्या ३ आर्थिक वर्षांत किती तरतूद होती, किती आली, किती खर्च झाली आणि किती समर्पित केली. "समर्पित" हा शब्द लिहाच. आमच्या भाषेत न वापरता परत केलेला पैसा म्हणजे समर्पित, आणि हा शब्द वाचला की लेखा शाखेतल्या माणसाला कळतं की विचारणाऱ्याला काहीतरी माहिती आहे. उत्तर आलं की तुमच्या आमदाराला द्या, पुरवणी मागण्यांच्या वेळी, म्हणजे सरकार वर्षाच्या मधे जास्तीचा पैसा मागतं तेव्हा, त्यांना ते सभागृहात वापरता येईल.

मुलगा दुबईला असतो, सहार विमानतळावर दरवेळी इमिग्रेशनची रांग. हा खर्च राज्याचा की केंद्राचा, आणि त्यावर कोण लक्ष ठेवतं? — एक काका, विलेपार्ले

पूर्ण केंद्राचा. काउंटरवर बसतात ते ब्युरो ऑफ इमिग्रेशनचे लोक, गृह मंत्रालयाखाली. त्यांच्या कामामागची कॉम्प्युटर सिस्टीम म्हणजे व्हिसा, इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांची नोंदणी जोडणारी योजना, तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१० मध्ये १,०११ कोटींना मंजूर, सप्टेंबर २०१४ पर्यंत पूर्ण करायची. २०१५ मध्ये तिचीच रक्कम ६३८.९० कोटी केली आणि मुदत मार्च २०१७, मग आणखी दोनदा वाढवून मार्च २०२१. आणि त्यानंतर २०२६ पर्यंतच्या ५ वर्षांसाठी १,३६४.८८ कोटी. काम झालं नाही असं नाही काका, ई-व्हिसा त्यातूनच आला, आणि जानेवारी २०२५ पासून मुंबई विमानतळावर आधी नोंदणी केलेल्या प्रवाशांना ई-गेटमधून, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या दारातून, जाता येतं, मुलाला सांगा नोंदणी करायला, फी नाही. पण चार वर्षांची योजना अकरा वर्षं चालते तेव्हा मधल्या वर्षांत कोणी तरी दरवर्षी विचारायला हवं की का, आणि ते काम गृह खात्याच्या स्थायी समितीचं. या खात्याची एकूण मागणी २०२५-२६ ला २ लाख ३३ हजार कोटींच्या आसपास होती, त्यातला मोठा हिस्सा केंद्रीय पोलीस दलांचा, त्यात हजार-दीड हजार कोटींची योजना कोपऱ्यात पडते. नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा २०२५ ला झाला, १ सप्टेंबरपासून लागू, १९२० पासूनचे चार जुने कायदे गेले. कायद्यावर तासन्‌तास भाषणं झाली, त्याच्या अंमलबजावणीला माणसं आणि पैसा किती लागेल यावर तेवढी झाली असती तर बरं झालं असतं.

भाची लंडनजवळ नर्स आहे. ती म्हणते तिकडे आश्रयाला आलेल्या लोकांना हॉटेलात ठेवण्यावर एवढा पैसा गेला की संसदेत भांडणं झाली. तिकडे तरी संसद नीट हिशोब घेते का? — मावशी, डोंबिवली

नीट विचारते, पण वेळेवर थांबवू शकते असं मला दिसत नाही.

तिकडची लोकलेखा समिती आपली आजीच म्हणायची, १८६१ ची, आणि तिलाही विरोधी पक्षाचा अध्यक्ष. मदतीला राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय. त्या कार्यालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं की आश्रय मागणाऱ्यांच्या राहण्याची २०१९ ते २०२९ ची कंत्राटं ४५० कोटी पौंडांत होतील असा अंदाज होता, तो आता १,५३० कोटी पौंडांवर गेलाय. आणि मावशी, हॉटेलात राहणारे एकूण लोकांपैकी ३५ टक्के, पण एका वर्षाच्या बिलातला ७६ टक्के खर्च हॉटेलांचा. अर्ज निकालात निघत नाहीत म्हणून माणसं अडकतात, अडकलेल्यांना ठेवायला घरं नाहीत म्हणून हॉटेल, आणि हॉटेलवाला रोजच्या भावाने घेतो. यात आलेल्या लोकांचा काय दोष, त्यांना काम करायची परवानगीही बहुतेक वेळा नसते, हे भाचीलाही सांगा.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. लंडनच्या आयएफएस या अर्थविषयक संस्थेने २०२४ मध्ये दाखवलं की तीन वर्षं तिथलं गृह खातं आश्रय, सीमा, व्हिसा आणि पासपोर्ट या कामांसाठी सुरुवातीला सरासरी ११ कोटी पौंड मागत होतं आणि वर्षाअखेर सरासरी २६० कोटी पौंड खर्च करत होतं. मधला फरक कुठून? पुरवणी मागण्यांतून! म्हणजे आपल्याकडे नागपूरच्या अधिवेशनात जे होतं तेच, मूळ अर्थसंकल्पात आकडा छोटा दाखवायचा आणि हिवाळ्यात पुरवणी आणायची, तोवर पैसा खर्च होऊन गेलेला असतो, नाही कोण म्हणणार? आणि आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायची योजना, तिच्यावर सुमारे ७० कोटी पौंड गेल्याचं नव्या सरकारने जुलै २०२४ ला संसदेत सांगितलं, गेले ते चार जण, तेही स्वखुशीने.

दुसरीकडे न्यायाचं बघा, तिथल्या क्राउन कोर्टांत, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टांत, तुंबलेले खटले ७० हजारांच्या वर गेलेत, बलात्काराच्या केसमध्ये बाई वर्षानुवर्षं थांबते. एक खातं ठरल्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त खर्च करतं, दुसऱ्याची कोर्टं तुंबतात, आणि खर्चाच्या अंदाजांवर चर्चेला अख्ख्या सत्रात तीन दिवस. तिथल्या कॉमन्सने, म्हणजे त्यांच्या लोकसभेने, सरकारची एखादी मागणी शेवटची नाकारली ती १९१९ मध्ये, तीही न्यायखातं सांभाळणाऱ्या लॉर्ड चॅन्सेलरच्या बाथरूमची. त्यानंतर शंभर वर्षांत एकही नाही.

माझ्या भावाला जामीन मिळून दोन महिने झाले, पण जामिनाची रक्कम भरायला आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून तो अजून आत आहे. कोणीतरी म्हणालं सरकारचे पैसे आहेत अशा कैद्यांसाठी. खरं आहे का? — नाव देत नाही, धारावी

खरं आहे, आणि तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं कारण वरचं सगळं मला यासाठीच लिहायचं होतं.

२०२३ च्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांना मदत म्हणून योजना आली, वर्षाला २० कोटी, केंद्राचा पैसा. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या शेवटी ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे, शंभरात शहात्तर. त्यातले किती तरी तुमच्या भावासारखे, कोर्टाने सोड म्हटलंय पण पैसा नाही. आणि तरी राज्यांकडून मागणी येत नाही म्हणून गृह मंत्रालयाला पत्रांवर पत्रं पाठवावी लागली. हिशोब करा, ४० हजारांप्रमाणे २० कोटींत ५ हजार माणसं घरी जातात. तिसऱ्या रकान्यात पैसा शिल्लक राहिला की अर्थखात्यात त्याला बचत म्हणतात, मला हा शब्द इथे सहन होत नाही.

आता काय करायचं ते नीट वाचा. योजनेप्रमाणे जामिनाचा आदेश झाल्यावर ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. ते चौकशी करतात, मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती रक्कम मंजूर करते आणि ती थेट कोर्टात भरली जाते, तुमच्या हातात येत नाही. योजना सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्यासाठी मर्यादा ४० हजार होती, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजार. ड्रग्ज, मनी लाँडरिंग, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा, भ्रष्टाचार अशा केसला ही मदत नाही, भावाची कलमं कुठली ते आधी वकिलाला विचारून घ्या.

तुरुंग कळवेल म्हणून थांबू नका, दोन महिने गेलेत. जामिनाच्या आदेशाची कॉपी, भावाचा कैदी नंबर, रेशनकार्ड आणि घरात कमावतं कोण ते लिहिलेला साधा अर्ज घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा कायद्याने वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्या वकिलाला सांगा की जामिनाची रक्कम कमी करा किंवा वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सोडा असाही अर्ज त्याच दिवशी टाका, दोन्ही एकत्र चालतात. फोनवरून विचारायचं असेल तर १५१००, हा नंबर देशभर चालतो.

शिक्का मिळाला की मला त्याचा फोटो पाठवा. पंधरा दिवसांत हललं नाही तर पुढचा अर्ज मी लिहून देते.